रक्तपिशाचाच्या खेळातील पात्रविचार

सन १८७० मध्ये रिचर्ड बर्टन याने वेताळपंचविशीतील निवडक कथांचे इंग्रजी रूपांतर प्रसिद्ध केले आणि ग्रंथाच्या नावातच वेताळाचा ‘व्हँपायर’ करून टाकला. हे नामांतर आपल्या वेताळावर अन्याय करणारे आहे. त्या कथांतला वेताळ प्रेतात वसतो, झाडाला लोंबकळतो, राजाच्या खांद्यावर बसून कूटप्रश्न घालतो; परंतु तो राजाच्या मानेला तोंड लावीत नाही. युरोपातील रक्तपिशाचाची गोष्ट वेगळी. ते कोणाच्या बुद्धीची परीक्षा घ्यावयास येत नाही. ते जेवावयास येते. त्यामुळे त्याच्याविषयी कथा लिहिणाऱ्याला, नाटक रचणाऱ्याला किंवा खेळ मांडणाऱ्याला एका अगदी घरगुती प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते. ते किती पिते, कितीदा पिते, आणि ज्याचे पिते त्याचे पुढे काय होते?

या प्रश्नाचा विचार येथे एका खेळाच्या निमित्ताने करावयाचा आहे. ‘रोलप्लेइंग गेम’ या नावाने ओळखला जाणारा हा प्रकार अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळापासून रूढ झाला. चारपाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एकेक भूमिका घेतो, एक जण सूत्रधार होतो आणि बोलता बोलता कथा पुढे जाते. जेथे यशापयश अनिश्चित असेल तेथे फासे टाकून निर्णय करतात. संहिता आधी लिहिलेली नाही असे, फाशांच्या कौलावर चालणारे हे नाटकच म्हणावयास हरकत नाही. आमच्या शाळेतील वरच्या वर्गांची मुले सुट्टीत ते खेळतात, आणि त्यांच्याकडून आणलेल्या पुस्तकांतूनच मी त्याचे नियम वाचले. साहित्याच्या अभ्यासकाने याकडे तुच्छतेने पाहू नये असे माझे मत आहे. कारण कथेतील संभवनीयता म्हणजे काय, हा जुना प्रश्न येथे आकड्यांच्या भाषेत विचारला जातो आणि आकडे लपवालपवी करू देत नाहीत.

गायगॅक्स-अर्नेसन यांच्या पहिल्या खेळातील रक्तपिशाच रक्त पीतच नसे म्हटले तरी चालेल. त्याचा आघात बसला की वीराच्या अनुभवाच्या दोन पायऱ्या खाली उतरत, एवढाच हिशेब. रक्ताची खरी मोजदाद सुरू झाली ती १९९१ साली. त्या वर्षी मार्क राइन-हेगन यांचा ‘व्हँपायर : द मॅस्करेड’ हा खेळ ‘व्हाइट वुल्फ’ या प्रकाशनसंस्थेने काढला. यात खेळणारे स्वतःच रक्तपिशाच होतात. स्थळ आधुनिक नगर. पहिल्या पुस्तकातील नमुन्याची कथा इंडियाना राज्यातल्या गॅरी या पोलादाच्या कारखान्यांच्या गावी घडते आणि पाठोपाठ शेजारच्या शिकागो नगरावर स्वतंत्र पुस्तक निघाले.

या खेळात रक्ताचे एकक आहे. मूळ पुस्तक त्याला ‘ब्लड पॉइंट’ म्हणते. आपण त्याला ‘माप’ म्हणू. सामान्य माणसाच्या अंगात दहा मापे रक्त असते. रक्तपिशाचाला रोज रात्री नुसते उठून बसण्यासाठी एक माप खर्चावे लागते. अंगी बळ आणणे, जखमा बुजवणे यांसाठी आणखी. माणसाची दहांपैकी दोन मापे घेतली तर त्याला थोडा अशक्तपणा येतो, पाच घेतली तर इस्पितळ गाठावे लागते, दहाही घेतली तर मृत्यू. लढाईच्या एका फेरीत तीन मापांपर्यंत पिता येते. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते, तेव्हा एक माप म्हणजे अर्धा लिटर. सकाळी दारात पडणारी दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी डोळ्यांपुढे आणावी म्हणजे पुढील हिशेब सोपा जाईल.

ज्याचे रक्त प्यावयाचे त्या माणसाला या पुस्तकात ‘व्हेसल’ म्हणजे भांडे किंवा पात्र असे नाव आहे. मराठी वाचक येथे क्षणभर थांबेल. आपल्या भाषेत ‘पात्र’ शब्दाचे दोन अर्थ आहेत : ज्यातून प्यावयाचे ते, आणि कथेत जे वावरते ते. हे नियम वास्तवाच्या जवळ आणावयाचे म्हणजे काय करावयाचे, याचे उत्तर माझ्या मते या दोन अर्थांमधल्या अंतरात आहे. नियमांनी बळीला पहिल्या अर्थाने पात्र मानले आहे; त्याला दुसऱ्या अर्थाने पात्र करावयाचे आहे. पिणाऱ्याच्या बाजूने मांडलेला जमाखर्च ज्याचे प्यायले त्याच्या बाजूने मांडला की बहुतेक दुरुस्त्या आपोआप सुचतात.

हे काही नवीन मागणे नव्हे. रक्तपिशाचाच्या कथा ज्या काळी ऐन भरात होत्या त्या काळी त्या अशाच लिहिल्या जात. शेरिडन ले फानू याच्या १८७२ सालच्या ‘कार्मिला’ या कथेची निवेदिका जिचे रक्त जाते ती मुलगीच आहे. दिवसेंदिवस वाढणारी ग्लानी, अंथरुणातून उठू न देणारा पण एका परीने गोड वाटणारा शीण, हे सर्व तिच्या तोंडून येते. ब्रॅम स्टोकर याच्या ‘ड्रॅक्युला’ (१८९७) मध्ये ल्यूसी नावाच्या तरुणीचा ऱ्हास इतरांच्या रोजनिशांतून व पत्रांतून आठवडेच्या आठवडे नोंदलेला आहे. तिला वाचवण्यासाठी चार पुरुष एकामागून एक आपले रक्त देतात. रक्तगटांचा शोध कार्ल लँडस्टायनर यांनी लावला तो त्यानंतर, १९०१ च्या सुमारास; त्यामुळे ते चौघे केवढा धोका पत्करीत होते याची स्टोकरला कल्पना नव्हती. परंतु रक्त आले ते कोठून आणि गेले ते कोठे, याचा हिशेब त्याने चोख ठेवला आहे, आणि कादंबरीच्या पूर्वार्धातील भय या हिशेबातून निर्माण होते. पुढे १९७६ साली अॅन राइस यांच्या ‘इंटरव्ह्यू विथ द व्हँपायर’ने रक्तपिशाचालाच निवेदक केले. त्याचे दुःख, त्याचा एकाकीपणा वाचकाला कळू लागला. बळी मात्र मागे सरत सरत पार्श्वभूमीत गेला. हा खेळ त्या परंपरेतला आहे. त्यात बळीचे पात्र झाले, म्हणजे भांडे झाले, हे ओघानेच आले.

आता आकड्यांकडे वळू. पहिली गोष्ट, दहा मापे प्रत्येकाच्या अंगी नसतात. रक्ताचे प्रमाण वजनाच्या दर किलोला साधारणपणे सत्तर मिलिलिटर, स्त्रियांत त्याहून थोडे कमी, असे धरतात. सत्तर किलोच्या पुरुषाला दहा मापांचा हिशेब बरोबर लागू पडतो. पंचेचाळीस किलोच्या स्त्रीच्या अंगात जेमतेम तीन लिटर, म्हणजे सहा मापे असतात. शरीरातील रक्त पंधरा टक्क्यांपर्यंत गेले तर सशक्त माणसाला फारसे जाणवत नाही. पंधरा ते तीस टक्क्यांत नाडी जलद होते, जीव घाबरा होतो, तळवे थंड पडतात. तीसच्या पुढे रक्तदाब उतरतो, बोलण्यात असंबद्धता येते. चाळीस टक्के ओलांडल्यावर तातडीचा उपचार न मिळाल्यास माणूस दगावतो. तेव्हा नियमातील ‘दोन मापे घेतल्यास फारसे बिघडत नाही’ हे वाक्य सत्तर किलोच्या माणसापुरते कसेबसे टिकते. त्या कृश स्त्रीचे मात्र तेवढ्यात तिसरा हिस्सा रक्त गेलेले असते. आणि पाच मापांनंतर ‘इस्पितळ गाठावे लागते’ हे म्हणणे तर सर्वांच्याच बाबतीत फार आशावादी आहे; निम्मे रक्त गेलेला माणूस इस्पितळाच्या दारापर्यंत टिकेलच असे नाही.

यातून एक अप्रिय गोष्ट निघते. रात्री अपरात्री एकट्यादुकट्याने सापडणारी माणसे कोण असतात? घर नसलेली, आजारी, नशेत असलेली, अपुऱ्या खाण्यावर दिवस काढणारी. म्हणजे ज्यांच्या अंगी दहा मापे नसतात तीच. आपल्याकडील मुले हा खेळ भारतातल्या एखाद्या नगरात मांडतात तेव्हा तर हे अधिकच खरे ठरते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. सर्वांना दहा मापे वाटून देणारा नियम उदार दिसतो, पण तो दुबळ्यांचे मरण दृष्टीआड करतो. सूत्रधाराने वजनावरून मापे ठरवावी, रक्तक्षय असल्यास त्यांतून आणखी एकदोन वजा करावी. एवढ्याने खेळणाऱ्याला दात लावण्यापूर्वी समोरच्या माणसाकडे एकदा नीट पाहावे लागेल.

दुसरी गोष्ट वेळेची. लढाईतली एक फेरी म्हणजे जेमतेम तीनेक सेकंदांचा अवधी, आणि तेवढ्यात तीन मापे म्हणजे दीड लिटर रक्त पोटात जाते. हे होणे नाही. विश्रांतीच्या वेळी माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलते. त्यातला थेंब न् थेंब पिणाऱ्याच्या मुखात पडला असे मानले तरी दीड लिटराला अठरा सेकंद लागतील. शिवाय गिळावे लागते. एका घोटात वीसपंचवीस मिलिलिटर जातात, म्हणजे एका मापाला वीसपंचवीस घोट. रक्तपेढीत जाड सुईने एक पिशवी भरावयास आठ-दहा मिनिटे लागतात. दातांची छिद्रे सुईहून मोठी खरी, पण मानेच्या शिरेतील रक्ताला दाब फारसा नसतो. आणि धमनी फाडली तर मग पिणे राहिले बाजूला, तो खूनच झाला. तेव्हा शिरेतून एक माप प्यावयास पाच मिनिटे हा नियम मला रास्त वाटतो.

पाच मिनिटे म्हणजे नाट्यदृष्ट्या किती मोठा अवधी आहे, हे नाटकवाल्यांना सांगावयास नको. तेवढ्यात जिन्यावर पाऊल वाजते, दूरध्वनी खणखणतो, धरलेला माणूस काहीतरी बोलतो. तीन सेकंदांच्या नियमात यातले काहीच घडू शकत नाही. येथे वास्तव आणि रंगत यांचे मुळीच भांडण नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट भरपाईची. रक्त गेले की त्यातील द्रवभाग एकदोन दिवसांत भरून येतो. म्हणून माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुष्कळसा पूर्ववत दिसतो. परंतु तांबड्या पेशी भरून येण्यास चार ते आठ आठवडे लागतात, आणि लोहाचा साठा तर त्याहूनही सावकाश भरतो. अर्ध्या लिटर रक्ताबरोबर दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह जाते आणि अन्नातून रोज अंगी लागते ते एकदोन मिलिग्रॅम. लोहाच्या गोळ्या न घेतल्यास अनेकांना सहा महिनेही पुरत नाहीत. म्हणूनच अमेरिकेत एकदा रक्तदान केल्यावर छपन्न दिवस पुन्हा करू देत नाहीत. आपल्याकडे पुरुषांस नव्वद व स्त्रियांस एकशेवीस दिवस थांबावे लागते.

आता गंमत पाहा. अमेरिकेतील रक्तदानाची पिशवी जवळजवळ अर्ध्या लिटरची, म्हणजे खेळातील एका मापाएवढीच असते. रक्तपिशाचाला रोज एक माप हवे. कोणालाही अपाय न करता त्याला जगावयाचे असेल तर छपन्न दिवसांच्या फेऱ्यासाठी छपन्न धडधाकट माणसे हवीत. खेळात ‘हर्ड’ म्हणजे कळप नावाची एक सोय आहे; ज्यांच्याकडे नेहमी जावे अशा माणसांचा हा संच. त्याच्या पाच पायऱ्या आहेत आणि त्यांवर अनुक्रमे तीन, सात, पंधरा, तीस व साठ माणसे मिळतात. वर काढलेला छपन्नांचा आकडा साठांच्या अगदी जवळ येतो! नियमकर्त्यांनी हा हिशेब करून साठ ही संख्या ठरवली असेल असे मला वाटत नाही, पण ती बसली आहे चपखल. म्हणजे कळपाची केवळ शेवटची पायरी निरुपद्रवी आहे. पहिल्या पायरीवर तीन माणसे. एकट्या त्यांच्यावर भिस्त ठेवली तर प्रत्येकाची पाळी दर तिसऱ्या रात्री येते. महिन्यातून दहा वेळा अर्धा लिटर म्हणजे महिन्याला पाच लिटर. स्वतःच्या अंगातले सगळे रक्त दरमहा एकदा द्यावयाचे! त्या तिघांपैकी कोणीही दुसरा महिना पाहणार नाही. पुस्तकात मात्र कळपाचा उपयोग शिकारीच्या वेळी किती फासे अधिक टाकता येतात एवढ्यापुरता आहे.

नियमांच्या बाजूनेही दोन शब्द बोलले पाहिजेत. दर लाख लोकवस्तीस एक रक्तपिशाच असावे असे हा खेळ सांगतो, आणि छपन्न माणसांची गरज लाखांत लपून जाण्याजोगी आहे. तसेच चावलेला प्रत्येक माणूस रक्तपिशाच होतो ही लोकसमजूत त्याने टाकली, हे फार चांगले केले. कोस्टास एफथिमिऊ व सोहांग गांधी या दोघा भौतिकशास्त्र्यांनी २००६ साली या समजुतीचे गणित मांडून दाखवले. सन १६०० च्या आरंभी जगात सुमारे चोपन्न कोटी माणसे आणि एकच रक्तपिशाच धरले, त्याने महिन्याला एकाच माणसाला चावावे आणि ज्याला चावले त्यानेही पुढे तसेच करावे असे मानले, तर अडीच वर्षांत पृथ्वीवर माणूस उरत नाही. बुद्धिबळाच्या पटावरील गव्हाच्या दाण्यांची गोष्ट सांगून मी वर्गात भूमितीश्रेढी शिकवत असे. हे उदाहरण मुलांच्या अधिक लक्षात राहते. प्रस्तुत खेळात आधी सर्व रक्त काढून मग स्वतःचे रक्त पाजल्याखेरीज नवे रक्तपिशाच निर्माण होत नाही.

एवढे सगळे हिशेब बळीच्या बाजूचे झाले. पिणाऱ्याच्या शरीराविषयीही वास्तवाचा आग्रह धरावा काय? येथे मी हात आखडता घेईन. निसर्गात रक्तावर जगणारे दोन नमुने आपल्यासमोर आहेत. मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंत आढळणारे रक्तभोजी वटवाघूळ वजनाने तीसचाळीस ग्रॅमचे असते आणि एका रात्रीत वीसेक मिलिलिटर रक्त पिते. ते शोषीत नाही, जखम करून चाटते; रक्त गोठू न देणारे जे द्रव्य त्याच्या लाळेत सापडले त्याला शास्त्रज्ञांनी ‘ड्रॅक्युलिन’ असे नाव दिले आहे. रक्तात पाण्याचाच भाग फार, म्हणून पिता पिताच ते मूत्रावाटे पाणी टाकू लागते. ते उष्णरक्ताचे असल्याने दोनतीन रात्री उपास घडला की मरते. गुहेतली सोबतीण मग आपल्या पोटातले रक्त तिच्या तोंडात ओकून तिला जगवते. जेरल्ड विल्किन्सन यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेले हे निरीक्षण रक्तपिशाचांच्या कोणत्याही कथेहून हृद्य आहे. दुसरा नमुना जळूचा. सुश्रुतसंहितेने जिला स्वतंत्र अध्याय दिला ती जळू स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट रक्त पिते आणि पुढे कित्येक महिने स्वस्थ राहते, कारण तिला आपले अंग तापवावे लागत नाही.

रक्तपिशाच म्हणजे थंड प्रेत. शास्त्राप्रमाणे पाहू गेल्यास त्याने जळूसारखे वागावे, वर्षातून दोनदा पोटभर प्यावे आणि निजून राहावे. पण मग कथा संपली! उलट त्याला वटवाघळासारखे जिवंत शरीर मानले तर अर्ध्या लिटर रक्तातून साडेतीनशे-चारशेच किलोकॅलरी मिळतात. रोजची गरज भागवण्यास पाच-सहा मापे लागतील आणि नगर ओस पडेल. रोज एक माप हा नियम दोन्ही टोकांच्या मध्ये कोठेतरी, कशाच्याही आधाराशिवाय उभा आहे आणि तो तसाच राहू द्यावा. पटण्याजोगे अशक्य हे न पटणाऱ्या शक्याहून कवीला अधिक जवळचे असावे, असा अॅरिस्टॉटलचा अभिप्राय आहे. क्षेमेंद्राने अकराव्या शतकात औचित्य म्हणून जे सांगितले त्याचाही रोख याच दिशेने आहे. प्रेत उठून चालते ही एक गोष्ट आपण मान्य केलेली आहे. ज्याला ते चावते तो माणूस मात्र तुमच्याआमच्यासारखा आहे. त्याच्या बाबतीत कोणतीही सवलत आपण दिलेली नाही.

खेळाच्या २०१८ सालच्या नव्या आवृत्तीने मापांची पद्धत काढून टाकली आणि तिच्या जागी भुकेचे वेगळे फासे आणले. भूक एकापासून पाचापर्यंत चढते. ती पूर्ण शमवावयाची तर माणूस जिवानिशी मारण्यावाचून गत्यंतर नाही. भुकेल्याच्या मनाचे चित्र म्हणून ही रचना फार प्रभावी आहे. रक्ताला चार प्रकृतींचे रंगही दिले आहेत, ग्रीक वैद्यांच्या चार रसांवरून घेतलेले : उल्हसित, क्रोधी, विषण्ण आणि शांत. त्यामुळे समोरचा माणूस कोणत्या मनःस्थितीत आहे एवढे तरी खेळणाऱ्याला विचारावे लागते. परंतु विचारावयाचे ते चवीसाठी. शरीराचा हिशेब मात्र या आवृत्तीत मागे पडला, आणि मला जुनी मापेच अधिक उपयोगाची वाटतात.

ती वापरावयाची कशी, याची रीत अगदी साधी आहे. सूत्रधाराने एक शंभर पानी वही घ्यावी. ज्याला ज्याला दात लागले त्याला एक पान द्यावे. वर त्याचे नाव, वजन, धंदा आणि घरी कोण आहे ते लिहावे. खाली तारीख, किती मापे गेली, आणि छपन्न दिवस कधी पुरे होतात ती तारीख. ज्यांचे नाव विचारलेले नाही त्यांचेही पान करावे व नावाची जागा कोरी ठेवावी. खेळणाऱ्यांना ही वही केव्हाही पाहता यावी. शिकारीचे फासे टाकताना सूत्रधाराने दर वेळी नवा अनोळखी माणूस निर्माण न करता अधूनमधून या वहीतले एखादे पान उघडावे. गॅरीतल्या एखाद्या रात्रपाळीच्या बसचालक बाईचे पान निघाले, वजन अट्ठेचाळीस, घरी दोन मुले, मागची तारीख एकोणीस दिवसांपूर्वीची, तर ती आता कशी दिसते हे सूत्रधाराने सांगावे : नखे फिकट, गाडीची पायरी चढताना कठड्याला धरलेला हात, मागल्या आठवड्यापासून सुटलेला ओव्हरटाइम. मग खेळणाऱ्यास विचारावे, पाच मिनिटे आहेत, काय करतोस?